लीव्हर हाऊस : एका कांचेच्या इमारतीचें रक्षण

‘जुनें तें सोनें’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं इतकी बसलेली आहे कीं, तिच्यांतील खरी अडचण सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. जुनें म्हणजे किती जुनें? वेरूळचें कैलास लेणें जुनें, याविषयीं वाद नाहीं. १७३२ सालीं उभा राहिलेला आणि १८२८ सालच्या आगींत आंतून जळून गेलेला पुण्याचा शनिवारवाडा जुना, हेंहि सर्वांस मान्य आहे. परंतु जिचा पाया खणलेला पाहणारीं माणसें अद्याप हिंडतफिरत आहेत, जिच्यांत देवाची स्थापना झाली नाहीं, राजा राहिला नाहीं, कीं कोणती लढाई झाली नाहीं. जिच्यांत कारकुनांनीं केवळ पत्रें छापलीं आणि अधिकाऱ्यांनीं साबणाच्या खपाचे हिशेब तपासले, अशा कांच-पोलादाच्या एका कचेरीला राष्ट्राचा वारसा म्हणावें काय? आणि तसें ठरवून तिच्या धन्याला ती पाडण्यास मनाई करावी काय? हा प्रश्न १९८२ सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरापुढें उभा राहिला. ज्या इमारतीमुळें तो उभा राहिला तिचें नांव लीव्हर हाऊस.

हें नांव श्रोत्यांस अगदींच परकें वाटण्याचें कारण नाहीं. विल्यम लीव्हर हा इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांतल्या बोल्टन गांवच्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. त्यानें ‘सनलाइट’ नांवाचा साबण बाजारांत आणला आणि १८८८ सालीं त्या साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या. पुढें १९३३ सालीं लीव्हर ब्रदर्स (इंडिया) ही कंपनी निघाली, आणि १९३४ सालीं मुंबईंत शिवडी येथें तिच्या साबणाच्या कारखान्याचा आरंभ झाला. शिवडीच्या त्या कारखान्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या किती घरांची चूल पेटली, हें लालबाग-परळच्या जुन्या लोकांस सांगावयास नको. त्याच घराण्याची अमेरिकेंतील शाखा म्हणजे तेथील लीव्हर ब्रदर्स कंपनी. तिनें आपलें मुख्य ठाणें मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथून हलवून न्यूयॉर्कला नेण्याचें ठरविलें, तेव्हां नव्या कचेरीसाठीं पार्क अॅव्हेन्यू या प्रशस्त रस्त्याची निवड झाली.

त्या काळीं हा रस्ता कचेऱ्यांचा नव्हता. त्याच्या पोटांतून ग्रँड सेंट्रल स्थानकाकडे जाणाऱ्या आगगाड्या धांवत आणि वर दुतर्फा धनिकांच्या राहत्या घरांच्या दगड-विटांच्या भारदस्त इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. सर्वांचा रंग जवळजवळ एक, सर्वांची भिंत रस्त्याच्या कडेला टेकलेली. अशा रांगेंत १९५२ सालच्या एप्रिलमध्यें त्रेपन्नाव्या आणि चोपन्नाव्या गल्ल्यांच्या मधोमध, हिरवट-निळ्या कांचेची एक सडपातळ चोवीस मजली इमारत लोकांस खुली झाली. तिची उंची सुमारें ३०० फूट. न्यूयॉर्कच्या मानानें ही उंची कांहींच नव्हे. त्याच शहरांत १९३१ सालीं बांधलेली एम्पायर स्टेट इमारत तिच्या चौपट उंच आहे. लोक थांबून वर पाहूं लागले ते उंचीसाठीं नव्हे, तर घडणीसाठीं.

ही घडण समजावयाची तर न्यूयॉर्कच्या एका जुन्या नियमाकडे वळलें पाहिजे. १९१५ सालीं त्या शहराच्या दक्षिण भागांत इक्विटेबल नांवाची एक प्रचंड इमारत उभी राहिली. ती रस्त्याच्या कडेपासून सरळ आकाशांत गेलेली होती आणि तिच्या सांवलीनें शेजारच्या इमारती व रस्ते दिवसाउजेडीं अंधारून जात. तक्रारी वाढल्या आणि १९१६ सालीं नगररचनेचा एक नियम झाला. ठराविक उंचीनंतर इमारतीनें पायरीपायरीनें मागें सरत जावें, म्हणजे खालच्या रस्त्याला ऊन व वारा मिळेल, असा त्याचा आशय होता. म्हणूनच त्या काळच्या न्यूयॉर्कच्या इमारती दीपमाळेसारख्या खालीं रुंद आणि वर निमुळत्या दिसतात. मात्र त्या नियमांत एक सूट होती. जो कोणी आपल्या भूखंडाच्या केवळ चतुर्थांश भागावरच उंच बांधकाम करील, त्यानें तें वाटेल तितकें उंच न्यावें. त्यास मागें सरण्याचें बंधन नाहीं. सबंध भूखंडाच्या मोलाच्या जमिनीवर पैसे ओतून तीन-चतुर्थांश आकाश कोण मोकळें सोडणार? म्हणून ही सूट बहुतेकांना निरुपयोगी वाटे.

लीव्हर हाऊसच्या वास्तुशिल्प्यांनीं नेमकी हीच सूट हातीं घेतली. त्यांनीं भूखंडाच्या उत्तरेकडील भागावर एक अरुंद उभा मनोरा ठेवला आणि त्याची चिंचोळी बाजू रस्त्याकडे केली. मनोऱ्याच्या खालीं, सबंध भूखंड व्यापणारा एकच आडवा मजला खांबांवर उचलून धरला. त्या मजल्याच्या मध्यभागीं चौक कापला आणि त्याच्या छपरावर नोकरांना विसाव्यासाठीं बागेची गच्ची केली. रस्त्याच्या पातळीवरची बहुतेक जागा त्यांनीं मोकळी सोडली. तेथें दुकानें नाहींत, कुंपण नाहीं. वाटेनें जाणाऱ्या कोणाहि माणसानें खांबांमधून आंत यावें, चौकांतल्या झाडाजवळ क्षणभर टेकावें आणि दुसऱ्या गल्लींत निघून जावें. ज्यांनीं जुने वाडे पाहिले आहेत त्यांना चौकाची ही कल्पना नवी नाहीं. फरक इतकाच कीं, वाड्याचा चौक घरच्या मंडळींसाठीं असे, आणि हा चौक रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठीं होता. कायद्यानें जेवढें बांधतां आलें असतें त्यापेक्षां पुष्कळच कमी बांधून कंपनीनें ही जागा सोडली होती.

यांत निव्वळ परोपकार होता असें कोणी समजूं नये. साबणाच्या कंपनीला स्वच्छतेची जाहिरात हवी होती आणि सबंध इमारतच जाहिरात व्हावी असा तिचा हिशेब होता. दगडाची भिंत कालांतरानें काळवंडते. कांच मात्र धुतली कीं पुन्हां नवी. म्हणून सारी इमारत कांचेनें मढविली. छपरावर रूळ टाकले, त्यांवरून चालणारें एक यंत्र बसविलें आणि त्या यंत्राला टांगलेल्या पाळण्यांत बसून माणसें बाहेरच्या बाजूनें खिडक्या धूत. रस्त्यावरून जाणारा माणूस मान वर करून तें धुणें पाही, आणि कंपनीचा हेतु सिद्धीस जाई.

आतां या कांचेच्या भिंतीचें मर्म थोडें उलगडून पाहण्यासारखें आहे. कारण पुढील सारा वाद तिच्याशींच निगडित आहे. जुन्या घराची भिंत वरचें ओझें पेलते; ती काढली तर छप्पर खालीं येतें. म्हणून तिला जाडी लागते आणि तिच्यांत खिडक्या लहान ठेवाव्या लागतात. पोलादाचा सांगाडा निघाल्यावर हें ओझें खांब आणि तुळया पेलूं लागल्या. भिंतीला आतां कांहींच काम उरलें नाहीं. तिनें फक्त ऊन, वारा आणि पाऊस अडवावा. जशी दाराला पडदा लावतात, तशी सांगाड्याला बाहेरून टांगलेली ही भिंत. म्हणून तिला पडदाभिंत असें म्हणतात. लीव्हर हाऊसमध्यें न गंजणाऱ्या पोलादाच्या पातळ पट्ट्यांच्या चौकटींत कांचेचे तक्ते बसविलेले होते. त्यांतील एकहि खिडकी उघडत नसे. शहराची काजळी आंत येऊं नये म्हणून ती कायमची बंद, आणि ती बंद म्हणून आंतील हवा यंत्रानें थंड किंवा ऊबदार करणें भाग. कौतुकाची गोष्ट अशी कीं, आगीसंबंधींच्या नियमामुळें प्रत्येक मजल्यावर कांचेच्या पाठीमागें एक बुटकी पक्की भिंत बांधावीच लागली. बाहेरून पाहणाऱ्यास सर्वत्र कांच दिसे. नियमाची भिंत आंत लपलेली होती.

या इमारतीशीं तीन व्यक्तींचीं नांवें जोडलेलीं आहेत. पहिला गॉर्डन बनशाफ्ट. हा स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या प्रख्यात वास्तुशिल्पसंस्थेंतील मुख्य रचनाकार. १९८८ सालीं त्याला प्रिट्झकर पारितोषिक मिळालें. दुसरी व्यक्ति नॅटली डी ब्लॉइस. त्याच संस्थेंतील या स्त्रीनें लीव्हर हाऊसच्या रचनेचें मोठें काम उचललें. परंतु तो काळ असा होता कीं, नकाशे बाईंच्या हातचे असले तरी छापील मजकुरांत नांव पुरुषाचें येई. त्यांच्या कामाची मोजदाद पुष्कळ उशिरां झाली. २०१३ सालीं त्या निवर्तल्या. तिसरा चार्ल्स लकमन. हा लीव्हर ब्रदर्सच्या अमेरिकन शाखेचा अध्यक्ष; शिक्षण वास्तुशिल्पाचें, पण मंदीच्या दिवसांत साबण विकूं लागला आणि चढत चढत सर्वोच्च जागीं बसला. नव्या कचेरीची कल्पना त्याच्याच कारकीर्दींत रुजली. इमारत पुरी होण्यापूर्वींच, १९५० सालीं, त्यानें कंपनी सोडली आणि तो आपल्या मूळ विद्येकडे, वास्तुशिल्पाकडे, परतला. या गृहस्थाचें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. कथेच्या पुढच्या भागांत तें अनपेक्षित जागीं पुन्हां येतें.

लीव्हर हाऊस उभें राहिलें आणि पार्क अॅव्हेन्यूचें रूप पालटलें. १९५८ सालीं रस्त्याच्या पलीकडच्या बाजूस, जवळच, सीग्राम इमारत झाली. मीस व्हॅन डर रोह यानें ती काळसर पितळी झांकेच्या धातूंत व कांचेंत घडविली आणि तिच्यापुढें विस्तीर्ण अंगण सोडलें. या दोन इमारतींकडे पाहून शहराच्या अधिकाऱ्यांस वाटलें, हीच रीत उत्तम. आणि १९६१ सालीं जुना नियम बदलून नवा आला. जो मालक रस्त्यालगत जनतेसाठीं अंगण सोडील, त्यास अधिक मजले बांधूं द्यावे, असें ठरलें. हेतु चांगला होता. पण परिणाम सर्वस्वीं चांगला झाला असें म्हणवत नाहीं. ज्यांना मजले हवे होते त्यांनीं अंगणें सोडलीं, परंतु त्यांत बसावयास बांक नाहीं, सांवलीस झाड नाहीं, अशीं तीं ओसाड राहिलीं. आणि कांचेच्या इमारती तर अळंब्यांसारख्या सर्वत्र उगवल्या. मूळ सुंदर अक्षर गिरविणारीं मुलें शंभर असलीं, तरी त्यांतलें एखादेंच अक्षर वळणदार निघतें. तसेंच येथें झालें. शेवटीं शेवटीं लोक या नकलांना इतके विटले कीं, मूळ अक्षराविषयींहि त्यांचें प्रेम उणावलें. लीव्हर हाऊसवर संकट आलें तें अशा वेळीं.

परंतु त्या संकटापूर्वीं न्यूयॉर्कनें एक मोठा धडा घेतला होता. त्या शहरांत १९१० सालीं उघडलेलें पेन्सिल्व्हेनिया स्थानक हें दगडी खांबांचें, रोमन स्नानगृहांच्या धर्तीवर उभारलेलें भव्य मंदिरच होतें. १९६३ सालीं रेल्वे कंपनीनें तें पाडावयास आरंभ केला. कांहीं वास्तुशिल्पी फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. पण त्यांच्या हातीं कायदा नव्हता. स्थानक गेलें, आणि त्या जागीं मॅडिसन स्क्वेअर गार्डन नांवाचें खेळांचें प्रेक्षागार आलें. त्याचा रचनाकार कोण? तोच चार्ल्स लकमन. या पाडापाडीमुळें जो लोकक्षोभ उसळला त्यांतून १९६५ सालीं न्यूयॉर्कचा वास्तुसंरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठीं एक आयोग नेमला गेला. लकमनच्या हातून घडलेल्या एका कृत्यामुळें जो कायदा जन्मास आला, त्यानेंच पुढें लकमनच्या कल्पनेंतून निघालेल्या इमारतीचें रक्षण केलें.

त्या कायद्यांत एक कलम फार विचारानें घातलेलें आहे. इमारत किमान तीस वर्षांची असल्यावांचून आयोगानें तिला संरक्षण देऊं नये. तीस वर्षें कां? पन्नास किंवा शंभर कां नाहींत? कारण, प्रत्येक पिढीला आपल्या बापाच्या पिढीची आवड जुनाट वाटते. आजोबांच्या पिढीची मात्र पुन्हां गोड वाटूं लागते. इमारतीला धोका असतो तो नेमका या मधल्या काळांत. ती नवी राहिलेली नसते म्हणून तिचा रुबाब गेलेला असतो, आणि पुरेशी जुनी झालेली नसते म्हणून तिच्याविषयीं आदर आलेला नसतो. शंभर वर्षें थांबावयाचें ठरविलें, तर शंभर वर्षें टिकलेलें असें फारच थोडें हातीं लागेल.

१९७८ सालीं या कायद्याची कसोटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत लागली. ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या मालकांस स्थानकाच्या डोक्यावर एक उंच मनोरा बांधावयाचा होता. आयोगानें परवानगी नाकारली. आपली मालमत्ता भरपाई न देतां हिरावून घेतली, अशी मालकांची तक्रार होती. न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं शहराच्या बाजूनें निकाल दिला. स्थानकाचा आहे तसा उपयोग करून मालकास वाजवी उत्पन्न मिळत आहे, आणि वर बांधण्याचा न वापरलेला हक्क त्यास शेजारच्या जागांवर हलवितां येतो. म्हणून हें मालमत्ता हिरावणें नव्हे, असें न्यायालयानें ठरविलें.

लीव्हर हाऊसला तीस वर्षें पुरीं झालीं १९८२ सालीं. तोंपर्यंत पार्क अॅव्हेन्यूवरील जमिनीचा भाव अतोनात वाढलेला होता. एके काळीं भूषण ठरलेलें मोकळें आकाश आतां वायां गेलेल्या पैशासारखें दिसूं लागलें. बांधकाम-व्यवसायांतील एका संस्थेनें तें पाडून तेथें सुमारें चाळीस मजल्यांचा नवा मनोरा उभारण्याचा बेत पुढें आणला. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरमध्यें आयोगानें लीव्हर हाऊस संरक्षित वास्तु म्हणून जाहीर केलें. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणें आयोगाचा निर्णय अंतिम नसे. शहराचे प्रमुख लोकनियुक्त अधिकारी ज्यांत बसत, त्या ‘बोर्ड ऑफ एस्टिमेट’ या मंडळाची मंजुरी त्यास लागे, आणि मंडळानें नाकारल्यास इमारतीवर कुदळ पडण्यास प्रत्यवाय नव्हता.

दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घेण्यासारखें आहे. पाडूं इच्छिणारा पक्ष म्हणे : हें शहर दगडांत गोठलेलें प्रदर्शन नव्हे. नवा मनोरा आला तर अधिक लोकांस काम मिळेल, शहरास अधिक कर मिळेल. लीव्हर हाऊससारख्या कांचेच्या पेट्या गल्लोगल्लीं आहेत. त्यांतली एक गेली तर काय बिघडेल? आणि जमीन ज्याची, त्यानें तिच्यावर काय बांधावें हें दुसऱ्यांनीं कां ठरवावें? राखूं इच्छिणारा पक्ष म्हणे : पेट्या पुष्कळ आहेत हें खरें, पण त्या सर्वांची आई ही आहे. नकला पुष्कळ झाल्या म्हणून मूळ पोथी रद्दींत घालावयाची नसते. उलट नकला जितक्या अधिक, तितकें मूळ प्रतीचें मोल अधिक. शिवाय या इमारतीनें रस्त्याला दिलेला उजेड आणि मोकळी जागा यांवर तीस वर्षांच्या वहिवाटीनें शहराचाहि कांहीं हक्क निर्माण झाला आहे. या पक्षांत नामवंत वास्तुशिल्पी होते, आणि ग्रँड सेंट्रल वाचविण्याच्या चळवळींत पुढें असलेल्या जॅकलीन केनेडी ओनासिस याहि होत्या. १९८३ सालीं मंडळापुढें मतें पडलीं. सहा विरुद्ध पांच. एका मतानें लीव्हर हाऊस वाचलें.

येथें गोष्ट संपती तर ती सुखान्त नाटकासारखी झाली असती. परंतु कायद्यानें पाडणाऱ्याचा हात धरतां येतो. पावसाचा धरतां येत नाहीं. इमारतीचा बाहेरचा पत्रा न गंजणाऱ्या पोलादाचा असला, तरी त्याच्या आंतला सांगाडा साध्या पोलादाचा होता. फटींतून झिरपणारें पाणी त्यावर सांचे, पोलाद गंजे, आणि गंजलेलें लोखंड फुगे. फुगलेल्या चौकटी कांचेला दाबीत आणि कांच तडके. जुन्या चाळींतल्या सज्जाची सळई गंजून वरचा गिलावा कसा फुटतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाहीं. तडकलेली कांच बदलावी तर अगदीं तोच रंग मिळेना. त्यामुळें इमारतीच्या अंगावर निरनिराळ्या छटांचीं ठिगळें दिसूं लागलीं. १९९० नंतरच्या मधल्या वर्षांत स्थिति अशी झाली कीं, मूळच्या कांचेपैकीं शेंकडा एकच काय ती शिल्लक उरली होती. दरम्यान लीव्हर कंपनीनेंहि तेथून आपला बाडबिस्तरा हलविला. १९९८ सालीं इमारतीचा ताबा नव्या धन्याकडे गेला आणि त्यानें सबंध पडदाभिंत उतरवून नवी बसविण्याचें काम हातीं घेतलें. तें काम त्याच स्किडमोर संस्थेकडे आलें. बाहेरून चौकटीची रुंदी, कांचेचा रंग, पट्ट्यांची चमक सर्व पूर्वींप्रमाणें. आंत मात्र गंजणाऱ्या साध्या पोलादाऐवजीं अॅल्युमिनियमची जोडणी. २००१ च्या सुमारास हें काम तडीस गेलें. त्यानंतरहि एक मोठी दुरुस्ती होऊन २०२३ सालीं इमारत पुन्हां कचेऱ्यांसाठीं सज्ज झाली.

मग असा प्रश्न येतो कीं, जी वाचविण्यासाठीं एवढा खटाटोप झाला ती इमारत वाचली कोठें? जी कांच १९५२ सालीं लोकांनीं मान वर करून पाहिली, तींतील जवळजवळ एकहि तक्ता आज तेथें नाहीं. टीकाकार म्हणतात, हें संरक्षण नव्हे, ही आणखी एक नक्कल आहे.

या आक्षेपाला उत्तर शोधण्यास फार दूर जाण्याचें कारण नाहीं. कोंकणांतलें कौलारू घर पहावें. मृगापूर्वीं दरवर्षीं तें शाकारतात. फुटकीं कौलें जातात, नवीं येतात, वाळवी लागलेला वांसा बदलतात. पन्नास वर्षांत त्या छपराचें एकहि मूळ कौल उरत नाहीं. तरी घर आजोबांचेंच असतें. कां? कारण कौल पूर्वींच्याच जागीं, पूर्वींच्याच उतारावर आणि पूर्वींच्याच कामासाठीं बसविलेलें असतें. जीर्णोद्धार हा शब्द आपल्या भाषेंत उगाच आलेला नाहीं. जें जीर्ण झालें तें उचलून पुन्हां उभें करावें, ही कल्पना आपल्याकडे सन्मानाची मानलेली आहे. दगडाच्या लेण्यांत दगडालाच मोल, कारण छिन्नीची खूण त्या दगडावर आहे. यंत्रानें एकसारख्या काढलेल्या कांचेच्या तक्त्यावर कोणाच्या हाताची खूण नसते. तेथें मोल आहे तें मांडणीला : मनोरा किती अरुंद, चौक किती रुंद, खांब किती मागें, आणि रस्त्यावरच्या माणसासाठीं किती जागा सोडली याला. ती मांडणी जशीच्या तशी राहिली, म्हणून लीव्हर हाऊस वाचलें असें म्हणणें न्याय्य होईल. अर्थात् ही मुभा बेताची आहे. कौलें बदलतां बदलतां कोणी छपराचा उतारच बदलला, तर तें आजोबांचें घर राहत नाहीं.

या कथेंतून दुसरीहि एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि ती कौतुकाची नाहीं. कायम बंद खिडक्या आणि चोहोंकडे कांच, ही रीत जेथें हिंवाळ्यांत बर्फ पडतें अशा शहरांत, स्वस्त विजेच्या काळांत निघाली. तेथेंहि उन्हाळ्यांत ती आंतील माणसांस यंत्राच्या स्वाधीन करते. तीच रीत मुंबईसारख्या दमट आणि रणरणत्या उन्हाच्या शहरांत विचार न करतां उचलली, तर कांच आधीं उष्णता आंत घेते आणि मग ती बाहेर घालविण्यासाठीं वीज जाळावी लागते. आपल्या जुन्या घरांची ओसरी, खिडकीवरचा छज्जा, जाळी आणि वाऱ्याचा झरोका यांत जी अक्कल होती, ती या नकलांत हरवते. इमारत जतन करणें आणि तिचें अनुकरण करणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. लीव्हर हाऊस राखावें, कारण तें एका युगाचें मूळ अक्षर आहे; परंतु दर ठिकाणीं तेंच गिरवावें, असा त्याचा अर्थ नाहीं.

आपल्या देशापुढेंहि हा प्रश्न आलेला आहे. दिल्लीच्या प्रगति मैदानावर १९७२ सालीं ‘हॉल ऑफ नेशन्स’ ही प्रदर्शनाची वास्तु उभी राहिली. राज रेवाल यांची रचना, महेंद्र राज यांची अभियांत्रिकी. पोलादी नळ्या सहज मिळत नव्हत्या म्हणून जागेवर ओतलेल्या काँक्रीटच्या तिरप्या दांड्या एकमेकींस जोडून तिचें अवाढव्य, आंत खांब नसलेलें छप्पर उचललेलें होतें. ही गरिबींतून निघालेली कर्तबगारी होती. जगभरच्या वास्तुशिल्प्यांनीं ती राखण्याची विनंति केली. परंतु साठ वर्षें पुरीं झालेल्या वास्तूंचाच वारसा म्हणून विचार होईल, असें उत्तर आलें. २०१७ सालच्या एप्रिलमध्यें, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, ती वास्तु पाडण्यांत आली. न्यूयॉर्कचा तीस वर्षांचा नियम तेथें असता, तर तिचा विचार निदान मंडळापुढें झाला असता. कदाचित् ती राखली गेली नसती. पण तिची बाजू ऐकून घेतली गेली असती.

मुंबईचें उदाहरण मात्र आशेचें आहे. १९९५ सालीं या शहरानें वारसा-वास्तूंच्या रक्षणाचे नियम केले; भारतांत असे नियम करणारें तें पहिलें शहर. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या बाजूच्या वळणदार सज्जांच्या इमारती १९३० च्या सुमारास नव्या फॅशनच्या म्हणून उभ्या राहिल्या होत्या. पलीकडच्या गॉथिक शिखरांच्या शेजारीं त्या उथळ वाटाव्या, असाच तो काळ होता. त्याच इमारती २०१८ सालीं, समोरच्या त्या गॉथिक वास्तूंच्या जोडीनें, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेल्या. उद्यांचें जुनें तें आजचें नवेंच असतें, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता?

म्हणून या विषयाचा शेवट एका साध्या सूचनेनें करणें योग्य होईल. वारशाची निवड आयोगाच्या बैठकींत होते, परंतु तिची तयारी आधीं गांवांत व्हावी लागते. प्रत्येक शहरांत स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत बांधलेलें एखादें टपाल कार्यालय असेल, नगरवाचनालय असेल, बँकेची किंवा विमा कंपनीची कचेरी असेल, नाट्यगृह असेल. रोज त्याच्या पुढून जाणाऱ्या सुशिक्षित माणसानें इतकें तरी विचारावें : हें कोणी रचलें? कोणत्या सालीं? पाऊस आणि ऊन यांचा विचार त्यानें कसा केला? रस्त्यावरच्या माणसासाठीं त्यानें किती जागा सोडली? मुलांनीं शाळेच्या वहींत हीं उत्तरें लिहून ठेवावीं, मूळ नकाशे कोणाच्या घरीं असतील तर तेहि जपावे. पुढें कधीं त्या इमारतीवर मतें पडण्याची वेळ आली, तर सहा आणि पांच यांमधला तो एक माणूस कोणत्या बाजूला हात वर करील, हें बरेंचसें त्या वहीवर अवलंबून राहील.